'साठी' सोडा, 'ला' धरा: इंग्रजीत हेतू कसा सांगायचा

रेल्वेच्या डब्यात साखळीशेजारी लिहिलेलं वाक्य आपण शंभरदा वाचलेलं असतं: 'टू स्टॉप ट्रेन पुल चेन.' पाच शब्द. पाटीवर जागा कमी, म्हणून 'द' वगैरे गाळलेलं. याचं मराठी करा म्हटलं तर कुणीही पटकन सांगेल, 'गाडी थांबवण्यासाठी साखळी ओढा.' आता उलटं करून बघा. हे मराठी वाक्य एखाद्या मुलाला द्या आणि पाटीची आठवण न करून देता इंग्रजी करायला सांगा. पुष्कळदा उत्तर येतं, 'फॉर स्टॉपिंग द ट्रेन, पुल द चेन.'

समजतं का? समजतं. साखळीही ओढली जाईल. पण इंग्रजी कानाला ते खटकतं. आणि गंमत म्हणजे ही चूक इंग्रजी कमी येतं म्हणून होत नाही, मराठी नको तितकं जपून वापरल्यामुळे होते.

मी संध्याकाळी थोड्या मुलांना इंग्रजी शिकवतो. बँकेत नुकतीच लागलेली एक मुलगी परवा रजेचा अर्ज दाखवायला घेऊन आली. पहिलं वाक्य होतं: 'आय ॲम रायटिंग धिस ॲप्लिकेशन फॉर गेटिंग टू डेज लीव्ह फॉर अटेंडिंग माय ब्रदर्स मॅरेज.' म्हटलं, हेच मनात मराठीत काय आलं होतं ते सांग. ती म्हणाली, "भावाच्या लग्नाला जाण्यासाठी दोन दिवसांची रजा मिळणेबाबत." म्हणजे अर्ज इंग्रजी, पण त्याच्या पोटात तलाठी कार्यालयातलं मराठी! 'मिळणेबाबत', 'करणेसाठी', 'सादर करणेकरिता'. आपल्याला लहानपणापासून असं शिकवलेलं असतं की कागदावर लिहायचं तर 'साठी' नाहीतर 'करिता' हवंच, आणि 'साठी' म्हणजे 'फॉर' हे तर पाचवीच्या शब्दार्थांपासून पक्कं. दोन पक्क्या गोष्टी एकत्र आल्या आणि वाक्य कच्चं राहिलं.

मग मी तिला म्हटलं, "हेच तू आईला फोनवर कसं सांगशील?" ती म्हणाली, "रजा मागायला अर्ज लिहितेय, दादाच्या लग्नाला यायला." झालं. 'मागायला', 'यायला'. यातल्या प्रत्येक 'ला'च्या जागी 'टू' ठेवायचा: 'आय ॲम रायटिंग टू रिक्वेस्ट टू डेज लीव्ह टू अटेंड माय ब्रदर्स वेडिंग.' (यातला मधला 'टू' म्हणजे दोन. आणि 'मॅरेज' म्हणजे संसार, समारंभाला 'वेडिंग'. तो वेगळा विषय.)

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे. बोलताना आपण जे '-आयला' वापरतो, करायला, बघायला, विचारायला, तोच इंग्रजीतला हेतू सांगणारा 'टू'. लिहिताना वापरतो तो '-ण्यासाठी' आपल्याला 'फॉर'कडे ओढतो आणि फसवतो. म्हणून इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मनातलं मराठी ऑफिसातून काढून स्वयंपाकघरात न्यायचं.

'ला' आणि 'टू' चुलतभाऊ कसे

हा निव्वळ योगायोग नाही. 'करायला' हे जुन्या 'करावयास'चं आजचं रूप. 'स' आणि 'ला' हे दोन्ही शाळेत पाठ केलेले चतुर्थीचे प्रत्यय: स, ला, ते. चतुर्थी ही देण्याची, जाण्याची, कशाच्या तरी दिशेची विभक्ती. 'रामाला दिलं', 'गावाला गेलो'. त्या दोन्ही ठिकाणी इंग्रजीत काय येतं? 'टू राम', 'टू द व्हिलेज'. दिशा दाखवणारा शब्दच पुढे हेतू दाखवायला लागला, कारण हेतू म्हणजे तरी मनाने धरलेली दिशाच. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तर अशा 'टू'नंतर येणाऱ्या क्रियापदाला चक्क विभक्तीचा प्रत्यय लागायचा, आणि ती विभक्तीही चतुर्थीच होती. पुढे प्रत्यय झिजून गेला, 'टू' तेवढा उरला.

ज्यांनी आठवी ते दहावी संस्कृत घेतलं होतं त्यांना हे आणखी ओळखीचं वाटेल. 'पठितुं गच्छति' आणि 'पठनाय गच्छति', दोन्हींचा अर्थ 'शिकायला जातो'. एकात तुमन्त अव्यय, दुसऱ्यात नाम आणि त्याची चतुर्थी. पाणिनीने दोन्ही रचना सूत्रांत सांगून ठेवल्या आहेत. म्हणजे हेतू म्हटला की चतुर्थीचं दार ठोठवायचं, हा घराण्याचाच रिवाज दिसतो.

काही मुलं 'साठी' आणि 'ला' दोन्ही सांभाळायला जातात आणि 'आय केम फॉर टू मीट यू' म्हणतात. आज हे चूक आहे. पण त्यांना हसण्याआधी हे माहीत असू द्या की एके काळी हे चांगलं इंग्रजी होतं. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात 'फॉर टू सी' असं सापडतं. आपली चूक चारशे वर्षं उशिरा केलेली आहे, इतकंच.

मग 'फॉर' कुठे?

'फॉर' हद्दपार करायचा नाही. त्याची जागा वेगळी आहे, ती ओळखायची.

पहिली जागा सोपी: पुढे क्रियापद नसून नाम असेल तर 'फॉर'. गावाकडे आपण म्हणतो, 'ती पाण्याला गेली', 'तो सरपणाला गेला', 'दळणाला जाऊन आले'. इथेही 'ला'च आहे, पण तो नामाला लागलाय. इंग्रजीत 'शी वेंट फॉर वॉटर'. क्रियापद घातलं की लगेच 'टू': 'शी वेंट टू फेच वॉटर'. 'आय केम फॉर द रिझल्ट', 'आय केम टू सी द रिझल्ट'. नाम तर 'फॉर', क्रिया तर 'टू'. एवढं एक जमलं तरी निम्म्या चुका संपतात.

दुसरी जागा वस्तूंची. एखादी वस्तू कशाकरता असते, तिचा धर्म काय, हे सांगायचं तर 'फॉर' आणि मागे '-इंग' लावलेलं क्रियापद बरोबर असतं. परदेशात राहणाऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात शेजारीण आली, ओट्यावरची खवणी बघून तिने विचारलं, 'व्हॉट इज धिस फॉर?' उत्तर: 'इट्स फॉर ग्रेटिंग कोकोनट.' सांडशी? 'फॉर लिफ्टिंग हॉट पॉट्स.' इथे कुणी माणूस काही करायला निघालेला नाही, वस्तूची ओळख करून दिली जातेय. पण तीच खवणी घेऊन तुम्ही बसलात की कर्ता आला, हेतू आला: 'आय टुक आउट द ग्रेटर टू ग्रेट सम कोकोनट.' इथे 'फॉर ग्रेटिंग' म्हटलं तर वाक्य लंगडतं.

तिसरी जागा सगळ्यांत महत्त्वाची, कारण 'आय केम हिअर फॉर लर्निंग' इंग्रजी माणसाला विचित्र का वाटतं याचं उत्तर तिथे आहे. माणसाच्या बाबतीत 'फॉर' अधिक '-इंग' हे बहुतेक वेळा मागे बघतं. झालेल्या गोष्टीचं कारण सांगतं. 'थँक यू फॉर कमिंग', आल्याबद्दल आभार. 'ही वॉज फाइन्ड फॉर रायडिंग विदाउट अ हेल्मेट', हेल्मेटशिवाय गाडी चालवल्याबद्दल दंड. 'शी गॉट अ मेडल फॉर सेव्हिंग अ चाइल्ड', मूल वाचवल्याबद्दल पदक. मराठीत आपण इथे 'साठी' म्हणतच नाही, 'बद्दल' म्हणतो. आणि पुढे बघायचं असेल तर: 'शी जम्प्ड इन टू सेव्ह द चाइल्ड', मूल वाचवायला उडी मारली. उडीच्या वेळी मूल वाचलेलं नव्हतं, पदकाच्या वेळी वाचलेलं होतं. 'टू' पुढे बघतो, 'फॉर' मागे.

साखळीच्या पाटीवर हे दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. वर 'टू स्टॉप ट्रेन', खाली 'पेनल्टी फॉर', म्हणजे सबळ कारणाशिवाय साखळी ओढल्याबद्दलची शिक्षा. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमानुसार ती एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. थांबवायचीय गाडी, ते पुढचं. ओढलीत साखळी, ते मागचं. इंग्रजी व्याकरणाचा इतका स्वस्त धडा दुसरीकडे मिळायचा नाही.

पाटीवर आणखी एक बघण्यासारखं. तिथे हेतू आधी आणि कृती नंतर आहे. मराठीत हीच रोजची रीत: 'भाजी आणायला बाजारात गेलो.' इंग्रजीत रोजची रीत उलटी, आधी काय केलं आणि मग कशाला: 'आय वेंट टू द मार्केट टू बाय व्हेजिटेबल्स.' सूचना देताना मात्र हेतू पुढे आणतात, कारण वाचणाऱ्याला आधी हे ठरवायचं असतं की ही सूचना आपल्या कामाची आहे का. 'टू ओपन, प्रेस हिअर.' आपल्या बोलण्यात प्रत्येक वाक्य 'टू'ने सुरू व्हायला लागलं तर माणूस बोलतोय की औषधाच्या बाटलीवरचा कागद, असा प्रश्न पडेल.

खरेदीचं एक वेगळं प्रकरण आहे. आपल्याकडे सर्रास 'वी वेंट फॉर शॉपिंग' म्हणतात आणि भारतात त्याने कुणाचं काही अडत नाही. तरीही प्रमाण इंग्रजीत 'वी वेंट शॉपिंग'. पोहणं, मासेमारी, डोंगर चढणं, अशा फिरून करायच्या गोष्टींना मध्ये काहीच लागत नाही: 'गो स्विमिंग', 'गो फिशिंग'. 'अ वॉक' हे मात्र नाम, म्हणून 'गो फॉर अ वॉक'.

बसायला खुर्ची, पण कशावर?

'ला' धरून चाललं की एक खड्डा लागतो, तो आधीच दाखवतो. 'बसायला खुर्ची दे.' इंग्रजी? मुलं म्हणतात, 'गिव्ह मी अ चेअर टू सिट.' एक शब्द पडला. 'अ चेअर टू सिट ऑन' हवं. खुर्चीवर बसतो ना, मग तो 'वर' इंग्रजी गिळत नाही. 'लिहायला पेन' म्हणजे 'अ पेन टू राइट विथ', पेनने लिहितो म्हणून. 'लिहायला कागद' म्हणजे 'पेपर टू राइट ऑन', कागदावर लिहितो म्हणून. मराठीत दोन्ही 'लिहायला'च. 'राहायला घर' म्हणजे 'अ हाउस टू लिव्ह इन'. आणि सगळ्यांत एकाकी वाक्य, 'बोलायला कुणी नाही': 'आय हॅव नोबडी टू टॉक टू.' शेवटचा 'टू' लिहिताना मुलांचा हात थांबतो, एकदा आलाय ना, पुन्हा कशाला? पहिला 'बोलायला'मधला 'ला', दुसरा 'कुणाशी'मधला 'शी'. मराठीत तो 'शी' आपण बोलतच नाही.

यावरचा उपाय असा: नामाला परत वाक्यात बसवून बघा. खुर्ची बसतो की खुर्चीवर बसतो? जो प्रत्यय बाहेर पडतो, त्याचा इंग्रजी शब्द शेवटी लावायचा.

बांगड्या कुणी मोडल्या, शिकलं कोण

आतापर्यंत एकच माणूस होता. तोच जातो, तोच आणतो. आता दोन माणसं आणू.

'फी भरायला आईने बांगड्या मोडल्या.' बांगड्या आईने मोडल्या, फीही आईच भरणार. कर्ता एक. म्हणून सरळ 'टू': 'द मदर सोल्ड हर बँगल्स टू पे द फीज.'

'पोरगी शिकावी म्हणून आईने बांगड्या मोडल्या.' बांगड्या आईच्या, शिकणार पोरगी. कर्ते दोन. इथे नुसता 'टू' लावून 'द मदर सोल्ड हर बँगल्स टू स्टडी' म्हटलं तर आईच कॉलेजात जाऊन बसेल. इथे 'सो दॅट' लागतो: 'द मदर सोल्ड हर बँगल्स सो दॅट हर डॉटर कुड स्टडी.'

मराठीने इथेही आपल्याला आधीच सावध केलेलं असतं. कर्ता बदलला की आपण आपसूक 'आयला' सोडून 'म्हणून'वर येतो आणि क्रियापद 'शिकावी', 'मिळावं', 'यावं' अशा विध्यर्थात जातं. हा 'म्हणून' मोठा मजेदार शब्द आहे. तो मुळात 'म्हणणे' या क्रियापदाचंच रूप: 'पोरगी शिकावी' असं म्हणून आईने बांगड्या मोडल्या. म्हणजे हेतू हा मनातल्या मनात उच्चारलेला संवाद. कन्नडमधला 'अंत', तेलुगूतला 'अनि' यांचीही जन्मकथा हीच, 'म्हणणे'मधून आलेले. इंग्रजीत असा बोलका शब्द नाही. तिथे 'सो दॅट'च्या पुढे 'कॅन', 'विल' किंवा 'मे' यांपैकी एखादा मदतनीस ठेवून काम भागवतात.

मदतनीस कोणता, हेही मराठीला विचारा. 'शिकता यावं म्हणून', 'बसता यावं म्हणून' अशी 'येणे'ची जोड असेल तर 'कॅन' किंवा 'कुड', कारण 'करता येणे' म्हणजेच 'कॅन'. 'मिळावं', 'व्हावं' एवढंच असेल तर बहुधा 'विल' किंवा 'वुड'. 'मे' आणि 'माइट' भारदस्त लिखाणात दिसतात. प्रार्थनेला किंवा भाषणाला ते ठीक, दुधवाल्याशी बोलायला नकोत.

खरा घोटाळा होतो तो काळात. मराठी बघा: पोरगी शिकावी म्हणून आई बांगड्या मोडते, पोरगी शिकावी म्हणून मोडेल, पोरगी शिकावी म्हणून मोडल्या. तिन्ही काळांत 'शिकावी' जागचं हलत नाही. इंग्रजीत मात्र मागचं क्रियापद भूतकाळात गेलं की पुढचा मदतनीसही ओढला जातो. 'शी सेल्स... सो दॅट हर डॉटर कॅन स्टडी.' 'शी सोल्ड... सो दॅट हर डॉटर कुड स्टडी.' मराठी मुलं पहिलं वाक्य बरोबर लिहितात आणि दुसऱ्यातही 'कॅन'च ठेवतात. पोरगी अजून शिकतच असेल तर बोलण्यात ते चालूनही जातं. पण गोष्ट जुनी असेल, पोरगी शिकून आता स्वतः मास्तरीण झाली असेल, तर 'कुड'ला पर्याय नाही.

दोन कर्त्यांसाठी आणखी एक छोटी वाट आहे. 'मांजराला यायला खिडकी उघडी ठेवली.' 'शी लेफ्ट द विंडो ओपन फॉर द कॅट टू कम इन.' इथे 'फॉर' आणि 'टू' दोघंही हजर आहेत, पण मध्ये मांजर आहे. 'फॉर' मांजराचा, 'टू' येण्याचा. मधलं मांजर काढलं की मघाचं चारशे वर्षं जुनं इंग्रजी उरतं.

आता 'म्हणून'ची दुसरी बाजू. 'कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तो हळू बोलला' आणि 'तो हळू बोलला म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.' दोन्हीकडे 'म्हणून'. पहिला हेतू, दुसरा परिणाम. शाळेच्या व्याकरणात 'म्हणून' हा उद्देशबोधकांच्या यादीतही असतो आणि परिणामबोधकांच्याही. परीक्षेत त्यावर मार्क जातात ते याचमुळे. ओळखायचं कसं? 'म्हणून'च्या आधीचं क्रियापद बघा. 'जावं', 'व्हावी', 'नये' असं इच्छेचं असेल तर हेतू, इंग्रजीत 'सो दॅट' आणि मदतनीस. 'बोलला', 'पडला', 'होता' असं घडलेलं असेल तर परिणाम, इंग्रजीत स्वल्पविराम आणि नुसता 'सो': 'ही स्पोक सॉफ्टली, सो नोबडी हर्ड हिम.' बोलताना हेतूच्या वाक्यातलाही 'दॅट' गळतो हे खरं, पण तिथे मदतनीस शिल्लक राहतो आणि तोच सांगतो की हे घडावं अशी इच्छा होती, घडलं की नाही ते माहीत नाही.

नको असलेला हेतू

रात्री उशिरा घरी आलात, बाळ झोपलंय. 'बाळ उठू नये म्हणून मी चप्पल हातात घेतली.' यावर मुलं लिहितात, 'फॉर नॉट वेकिंग द बेबी', किंवा 'ला' धरा सांगितल्यामुळे आज्ञाधारकपणे, 'नॉट टू वेक द बेबी'. दुसरं जवळ आलं, पण पोहोचलं नाही. होकारार्थी हेतूला एकटा 'टू' पुरतो, नकारार्थी हेतूला सोबत लागते: 'आय टुक ऑफ माय चप्पल्स सो ॲज नॉट टू वेक द बेबी.' किंवा 'इन ऑर्डर नॉट टू'. किंवा रोजच्या बोलण्यात, 'सो आय वुडन्ट वेक द बेबी.' मी तिसरं सुचवतो, 'सो ॲज नॉट टू' तोंडात जरा चिकटतं.

एकटा 'नॉट टू' दोन ठिकाणी चालतो. एक, 'काळजी घे' अशा शब्दांनंतर: 'बी केअरफुल नॉट टू स्लिप.' दुसरं, हे नाही तर ते, अशी जोडी असताना: 'आय केम नॉट टू आर्ग्यू बट टू अंडरस्टँड.' भांडायला नाही, समजून घ्यायला आलोय.

आणि छत्री. 'पाऊस आला तर असावी म्हणून छत्री घेतली.' 'म्हणून' दिसला की 'सो दॅट' ठोकणारा विद्यार्थी लिहितो, 'आय टुक ॲन अम्ब्रेला सो दॅट इट वुड रेन.' म्हणजे पाऊस पडावा म्हणून छत्री घेतली! छत्री नेली की पाऊस हटकून दडी मारतो हा आपला अनुभव लक्षात घेता हा हेतू तसाही सफल होणार नाही. इथे हवं 'इन केस': 'आय टुक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्ड.' आपल्याला हवी किंवा नको असलेली गोष्ट सांगायची तर 'सो दॅट': भिजू नये म्हणून, 'सो दॅट आय वुडन्ट गेट वेट'. आणि ज्या शक्यतेची तयारी केली ती शक्यताच सांगायची तर 'इन केस'. मराठीत 'तर असावं', 'तर बरं पडेल', 'न जाणो' यांपैकी काही मनात आलं की 'इन केस' समजा. त्याच्या पुढे 'विल' लावायचा नाही: 'टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स.' भिंतीवरच्या पाटीतलं 'इन केस ऑफ फायर' मात्र निराळं, तिथे अर्थ 'आग लागल्यास' असा आहे. आग लागायच्या आधीच कुणी काच फोडायची नाहीये.

'लेस्ट'बद्दल विचारतात म्हणून सांगतो. जुन्या व्याकरणांच्या पुस्तकांनी 'लेस्ट'नंतर 'शुड' हे आपल्या दोन पिढ्यांकडून घोटून घेतलं. इंग्लंडातल्या युद्धस्मारकांवर 'लेस्ट वी फर्गेट' कोरलेलं असतं, विसर पडू नये म्हणून. वाचताना ओळखा. बोलायला वापरलात तर समोरचा तुमच्याकडे स्मारकाकडे बघावं तसा बघेल.

'इन ऑर्डर टू' कधी

आपल्याकडच्या ऑफिसांत 'इन ऑर्डर टू', 'फॉर द पर्पज ऑफ', 'विथ अ व्ह्यू टू' यांचं भारी कौतुक. वाक्य लांबलं की वजन वाढतं, अशी समजूत. माझं मत विचाराल तर दहापैकी नऊ ठिकाणी 'टू' पुरे. दहावं ठिकाण असं: 'ही नीडेड अ फ्रेंड टू ड्राइव्ह द टेम्पो.' टेम्पो चालवणारा मित्र हवा होता, की टेम्पो याला स्वतःला चालवायचा होता आणि त्यासाठी सोबत कुणी हवं होतं? 'इन ऑर्डर टू ड्राइव्ह' म्हटलं की दुसरा अर्थ पक्का होतो. जिथे 'टू' शेजारच्या नामाला जाऊन चिकटण्याची भीती असते, तिथे 'इन ऑर्डर'ची पाचर मारायची.

'विथ अ व्ह्यू टू' वापरायचाच असेल तर जपून. त्यातला 'टू' आपला 'करायला'मधला नाही, 'गावाला'मधला आहे. पुढे नाम हवं किंवा '-इंग': 'विथ अ व्ह्यू टू ओपनिंग अ ब्रांच.' पत्राच्या शेवटी लिहितो तो 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' याच जातीचा.

हेतूसारखे दिसणारे

'ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी' म्हणजे चहा प्यायला थांबला. 'ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणजे चहा सोडला. घाटातल्या टपरीवर थांबलेल्या माणसाबद्दल दुसरं वाक्य वापरलंत तर त्याच्या बायकोला उगाच आनंद होईल.

'गो अँड सी' म्हणजे 'जाऊन बघ', 'ऊन' प्रत्ययाचा इंग्रजी अवतार. आज्ञेत तो हेतूच सांगतो. पण भूतकाळात नेला की बदलतो: 'आय वेंट अँड मेट हिम' म्हणजे भेटून आलो, भेट झाली. 'आय वेंट टू मीट हिम' म्हणजे भेटायला गेलो, साहेब जागेवर होते की नाही ते पुढच्या वाक्यात. सरकारी कामासाठी चार खेपा घातलेल्या कुणालाही 'भेटायला गेलो' आणि 'भेटून आलो' यातलं अंतर समजावून सांगावं लागत नाही.

बातम्यांत आणखी एक भेटतो: 'वी रीच्ड द स्टेशन ओन्ली टू फाइंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट.' गाडी गेलेली बघायला कुणी स्टेशनवर जात नाही. इथे 'ओन्ली टू' म्हणजे आपलं 'पोहोचतो तर काय'.

राहता राहिला प्रश्नार्थक शब्द. 'कशाला?' यातही 'ला' आहे, उत्तरातही असतो: 'कशाला आलास?' 'भेटायला.' इंग्रजीत प्रश्न 'फॉर'ने आणि उत्तर 'टू'ने: 'व्हॉट डिड यू कम फॉर?' 'टू सी यू.' आणि नुसतं 'व्हॉट फॉर?' म्हटलं तर त्यात आपल्या 'कशाला?'मधला वैतागही जसाच्या तसा उतरतो.

त्या दिवशी अर्ज दुरुस्त करून मुलगी गेली आणि दोन मिनिटांत दारात परत. मी सवयीने विचारलं, 'व्हॉट डिड यू कम बॅक फॉर?' तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. 'फॉर माय अम्ब्रेला, सर.' नाम आहे, म्हणून 'फॉर'. मी 'टू' ऐकायच्या तयारीत बसलो होतो.